मुलांचं शिकणं स्लाइडवर कसं उतरवायचं: पहिली ते चौथीच्या शिक्षकांसाठी

जुलैमध्ये माझ्या तिसरीच्या वर्गातल्या एका मुलीनं धड्यातल्या चार ओळी वाचल्या. अक्षरावर बोट, जोडाक्षर आलं की थांबणं, मग ओळीच्या सुरुवातीपासून पुन्हा. दीड मिनिट लागलं. तो आवाज मी तिच्या स्लाइडवर ठेवून दिला. डिसेंबरात तिला तीच स्लाइड उघडायला सांगितली. कान लॅपटॉपला लावून तिनं ऐकलं आणि म्हणाली, "बाई, ही एवढी हळू का वाचतेय?" म्हटलं, "तूच आहेस ती." तिनं पुन्हा एकदा शेवटपर्यंत ऐकलं, दप्तरातून पुस्तक काढलं आणि म्हणाली, "आता माझं घ्या."

त्या दिवसापासून मी प्रत्येक नव्या शिक्षकाला हेच सांगत आले आहे, की मुलाचं शिकणं त्याच्या स्वतःच्या नोंदीत साठवा आणि ती नोंद त्याला पुन्हा दाखवा. पॉवरपॉइंट आपल्याला येतं. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेला पीपीटी केलेली असते, पाठ दाखवायलाही करतो. पण ती सगळी आपण मुलांना दाखवायची. इथं स्लाइड मूल करणार आणि आपण बघणार.

मी नवी मुंबईत घणसोली-ऐरोलीच्या पट्ट्यात शिकवते. वर्गात गावठाणातली आगरी-कोळी घरातली मुलं आहेत, एमआयडीसीत कामाला येणाऱ्यांची आहेत, वाशीच्या मार्केटात माथाडी काम करणाऱ्यांची आहेत. घरी कुणी आगरी बोलतं, कुणी हिंदी, कुणी कन्नड. शाळेत एक लॅपटॉप, एक प्रोजेक्टर आणि माझा मोबाइल. एवढ्यावर हे जमतं, म्हणून लिहिते आहे.

मटकीपासून सुरुवात करा

पहिल्याच महिन्यात सगळे विषय घेऊ नका. एकच गोष्ट घ्या, जी डोळ्यांसमोर बदलते आणि चार-पाच दिवसांत संपते. मटकीला मोड आणणं याहून सोपं मला काही सापडलेलं नाही. रात्री मूठभर मटकी भिजवायची, सकाळी ओल्या फडक्यात बांधायची. दुसऱ्या वाटीत कोरडी मटकी तशीच ठेवायची. रोज मधल्या सुट्टीनंतर दोन्ही वाट्यांचा एकेक फोटो, तोही एकाच जागेवरून. वाटीखाली चौकटीची वही ठेवलीत तर मोड किती चौकटी वाढला हे मुलं मोजतात.

फडकं बांधण्याआधी एक प्रश्न विचारायचा: काय होईल असं तुला वाटतं? या प्रश्नाचं उत्तर सर्वांत आधी नोंदवा. एका मुलानं सांगितलं होतं, "मटकी पाणी पिऊन फुटेल." दुसऱ्या दिवशी साल खरंच फाटलेलं होतं आणि पांढरं टोक बाहेर आलेलं. त्यानं लिहिलं: "फुटली नाय. शेपटी आली." तिसऱ्या दिवशी: "शेपटी खाली वाकते." हे वाक्य पाठ्यपुस्तकात नाही. मूळ खाली वळतं हे त्यानं स्वतः पाहिलं, आणि तारखेसह ते त्याच्या नावावर जमा आहे.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं

शाळेच्या संगणकावर जे आहे ते घ्या. पॉवरपॉइंट असेल तर उत्तम, कारण त्यात आवाज थेट स्लाइडवर नोंदवता येतो. विकत घेणं शक्य नसेल तर लिबरऑफिस इम्प्रेस मोफत आहे आणि इंटरनेटशिवाय चालतं. त्यात आवाज नोंदवण्याची सोय नाही, पण मोबाइलवर नोंदवलेली फाइल आत घालता येते. गूगल स्लाइड्सला खातं लागतं आणि १३ वर्षांखालच्या मुलाला स्वतःहून खातं उघडता येत नाही. म्हणून शाळेनं दिलेली खाती नसतील तर काम तुमच्याच खात्यातून करा आणि पासवर्ड मुलांना सांगू नका.

साचा एकदाच करा, नीट करा

इथं एक शनिवार घालवा. पुढं वर्षभर वेळ वाचतो.

पॉवरपॉइंटमध्ये 'व्ह्यू'वर जाऊन 'स्लाइड मास्टर' उघडा. इम्प्रेसमध्ये त्याला 'मास्टर स्लाइड' म्हणतात, गूगल स्लाइड्समध्ये 'थीम बिल्डर'. इथं ठेवलेला ठरावीक मजकूर किंवा चित्र मुलांना साध्या स्लाइडवर हलवता किंवा पुसता येत नाही. सात वर्षांचं मूल माउस धरतं तेव्हा याची किंमत कळते. मास्टरमध्ये नवा लेआउट घ्या आणि त्यावर चारच गोष्टी मांडा. वर उजवीकडे तारीख. डावीकडे फोटोसाठी मोठी जागा; 'इन्सर्ट प्लेसहोल्डर'मधून (प्लेसहोल्डर म्हणजे नंतर भरायची रिकामी चौकट) 'पिक्चर' निवडलंत की तिथल्या चिन्हावर मूल टिचकी मारतं आणि फोटो त्या चौकटीत आपोआप बसतो. उजवीकडे मजकुराचे दोन चौकोन, एकावर "आधी मला वाटलं" आणि दुसऱ्यावर "मग मी पाहिलं". खाली कोपऱ्यात आवाजाच्या चिन्हासाठी रिकामी जागा.

ही दोन शीर्षकं साध्या टेक्स्ट बॉक्समध्ये लिहा. प्लेसहोल्डरच्या आतल्या सूचनेत लिहिलीत तर मुलानं अक्षर टाइप करताच ती नाहीशी होतात आणि स्लाइड शोमध्येही दिसत नाहीत. माझा पहिला साचा याच कारणानं पुन्हा करावा लागला होता.

रंगीत पार्श्वभूमी, उडत येणारी अक्षरं, टाळ्यांचे आवाज यांच्यापासून मुलांना पहिले तीन महिने लांब ठेवा. मी हे ठाम सांगते. मूल तासभर अक्षर फिरवत बसतं आणि मटकी विसरतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर एखादा रंग निवडायची मोकळीक द्या, तोवर हात बसलेला असतो.

फॉन्ट युनिकोडच घ्या. विंडोजवर 'निर्मला यूआय' असतोच. 'मुक्त' आणि 'बालू' हे मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेनं केलेले फॉन्ट मोफत मिळतात आणि लहान मुलांना वाचायला स्वच्छ आहेत. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की त्याची निरर्थक चिन्हं होतात. वेगळा फॉन्ट वापरणार असाल तर विंडोजवरच्या पॉवरपॉइंटमध्ये 'फाइल', 'ऑप्शन्स', 'सेव्ह' इथं जाऊन 'एम्बेड फॉन्ट्स'वर खूण करा. अक्षर २८ पॉइंटपेक्षा लहान नको.

आवाज: सगळ्यात मोलाची नोंद

पहिली-दुसरीतल्या मुलाला जेवढं कळलेलं असतं त्याच्या पाव भागही लिहिता येत नाही. वहीवरून आपण त्याच्या हाताची परीक्षा घेतो, डोक्याची नाही. म्हणून मी आवाज आधी घेते, अक्षरं नंतर.

पॉवरपॉइंटमध्ये 'इन्सर्ट', 'ऑडिओ', 'रेकॉर्ड ऑडिओ'. लाल गोल दाबला की बोलायचं, चौकोन दाबला की थांबायचं. स्लाइडवर स्पीकरचं चिन्ह येतं, ते ओढून कोपऱ्यातल्या जागेवर ठेवायचं. सुरुवातीची "बाई, बोलू का?" कापायची असेल तर 'प्लेबॅक'मध्ये 'ट्रिम ऑडिओ' आहे. मी ती कापत नाही. गूगल स्लाइड्समध्ये आवाजाची फाइल आधी ड्राइव्हवर चढवावी लागते आणि ती एमपी३ किंवा डब्ल्यूएव्ही प्रकारची असावी लागते. बऱ्याच मोबाइलची फाइल दुसऱ्या प्रकारची असते, तेवढं तपासून घ्या.

खरी अडचण गोंगाटाची. पस्तीस मुलांच्या वर्गात, बाहेर ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे कंटेनर चालू असताना, काही ऐकू येत नाही. जिन्याखालचा कोपरा, ग्रंथालयाच्या कपाटांमधली जागा, पडदे असलेली खोली शोधा. उघड्या भिंतींची रिकामी खोली घेऊ नका, आवाज घुमतो. मोबाइल मुलाच्या तोंडापासून वीतभर लांब, थोडा बाजूला धरा. समोर धरला तर 'प' आणि 'फ' म्हणताना वाऱ्याचा फटका बसतो.

प्रश्न कसा विचारता यावर सगळं अवलंबून आहे. "मोड आला ना?" विचारलं की "हो" मिळतं आणि नोंद वाया जाते. "कालच्यापेक्षा आज काय वेगळं दिसतंय?" असं विचारा आणि गप्प बसा. मनात पाचपर्यंत मोजा. मूल थांबलं म्हणजे संपलं असं नसतं. बऱ्याचदा खरी गोष्ट त्या शांततेनंतर येते. तीस सेकंद पुरेत, वाचनाच्या नोंदीला मात्र हवा तेवढा वेळ द्या.

घरची बोली आली तर येऊ द्या. आमच्याकडे खाडीवरच्या प्रकल्पात एका मुलानं पुस्तकातला शब्द म्हणून "खेकडा" टाइप केलं, आणि आवाजात मात्र "चिंबोरी" म्हणत तिला मागून कसं धरायचं हे सविस्तर सांगितलं. त्याची माहिती सगळी त्या आवाजात होती. मी त्याला "खेकडा"च्या शेजारी "चिंबोरी" लिहायला सांगितलं. त्याच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांना तो शब्द त्या दिवशी कळला.

मराठी टाइप करणं

पहिली-दुसरीला टाइप करायला लावू नका. चित्र काढू द्या, पाटीवर किंवा कागदावर लिहू द्या, त्याचा फोटो स्लाइडवर ठेवा. तिसरी-चौथीसाठी विंडोजच्या भाषांमध्ये मराठी जोडून 'फोनेटिक' कीबोर्ड निवडा. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबले की भाषा बदलते. मोबाइलवर कीबोर्डमधल्या माइकवर टिचकी मारून मराठीत बोललं की अक्षरं उमटतात, पण ती मुलाकडून वाचून घ्या, कारण यंत्र भलताच शब्द लिहून मोकळं होतं आणि मुलाला वाटतं तेच बरोबर.

मुलाचं शुद्धलेखन तुम्ही दुरुस्त करू नका. मोह होतो, विशेषतः पालकसभा जवळ आली की. पण ऑगस्टमध्ये "पाणि" लिहिणारं मूल जानेवारीत "पाणी" लिहितं, तेव्हा दोन्ही स्लाइड शेजारी ठेवून त्यालाच फरक शोधायला सांगता येतो. दुरुस्त केलेल्या स्लाइडवर तुमचंच शुद्धलेखन दिसेल.

एक लॅपटॉप, पस्तीस मुलं

जोड्या करा. एकाच्या हातात माउस, दुसरा सांगणार. सांगणाऱ्याची स्लाइड चालू असताना माउसवाल्यानं स्वतःचं डोकं चालवायचं नाही, हा नियम भिंतीवर लावा. दहा मिनिटांनी अदलाबदल. रोज दोन जोड्या, म्हणजे चार मुलं. शाळेच्या नऊ दिवसांत वर्गाची एक फेरी पूर्ण होते. हजेरीपटाच्या क्रमानं गेलात तर शेवटच्या मुलांवर दर वेळी अन्याय होतो, म्हणून दुसरी फेरी उलटी घ्या.

शिकवण्याच्या गोष्टी थोड्याच: चुकलं तर कंट्रोल आणि झेड, जपून ठेवायला कंट्रोल आणि एस, तशीच आणखी एक स्लाइड हवी असेल तर कंट्रोल आणि डी. पहिल्या आठवड्यात मी मुलांना मुद्दाम स्लाइड बिघडवायला लावते आणि कंट्रोल-झेडनं परत आणायला सांगते. भीती जाते.

शाळेबाहेरची एक स्लाइड

वर्षातून एकदा तरी मुलांना परिसरात न्या. आमच्याजवळ ठाणे खाडी आहे. २०१५ साली तिचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला, २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेली. ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, दिसतात. ठाण्याच्या शाळांना तलावपाळी किंवा उपवन जवळ पडेल, तिथलं पाणीही पुरेसं आहे.

निघण्याच्या आदल्या दिवशी "आधी मला वाटलं"चा चौकोन भरून घ्या. आम्ही विचारलं होतं, रोहित गुलाबी का? उत्तरं आली: ऊन लागून, जन्मापासून, आई गुलाबी म्हणून. परत आल्यावर मुलांनी लिहिलं, की पिल्लू राखाडी असतं आणि खाडीतल्या शेवाळासारख्या खाण्यातला रंग पिसांत उतरतो. एका मुलीनं स्वतःहून तिसरा चौकोन जोडला: "मग मी गाजर खाल्लं तर?" तिचा तो प्रश्न मी पुढच्या आठवड्याचा पाठ केला. मागच्या रांगेतली ही मुलगी वर्षभर वर्गात हात वर करत नव्हती.

फाइल सांभाळणं

सगळ्या वर्गाची एकच फाइल करू नका. पस्तीस मुलांचे फोटो आणि आवाज एकत्र आले की ती उघडतच नाही. प्रत्येक मुलाची वेगळी फाइल, नाव आकड्यांत: इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक. फाइल फुगली तर फोटोवर टिचकी मारून 'कॉम्प्रेस पिक्चर्स' घ्या, 'अप्लाय ओन्ली टु धिस पिक्चर'वरची खूण काढा आणि १५० पीपीआय निवडा. आवाजासाठी 'फाइल', 'इन्फो'मध्ये 'कॉम्प्रेस मीडिया' आहे.

दर शुक्रवारी पेन ड्राइव्हवर प्रत घ्या आणि तो पेन ड्राइव्ह त्या संगणकापासून दूर, कुलपात ठेवा. एका वर्षी शाळेचा संगणक दुरुस्तीला गेला आणि फॉरमॅट होऊन परत आला. आठ महिन्यांच्या नोंदी गेल्या. मुलांना ते सांगताना मला जे वाटलं ते तुमच्या वाट्याला येऊ नये.

फोटो मुलाच्या कामाचा घ्या, चेहऱ्याचा शक्यतो नको. हातात धरलेली वाटी, बोटाखालची ओळ, एवढं पुरतं. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती महत्त्वाची केली आहे. जूनच्या पहिल्या पालकसभेत लेखी संमती घ्या, मराठीत, काय नोंदवणार आणि कुणाला दाखवणार हे स्पष्ट लिहून. शाळेच्या किंवा स्वतःच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर मुलांच्या स्लाइड टाकू नका.

मूल्यमापनाच्या नोंदींशी सांगड

हे जास्तीचं काम आहे असं वाटेल. पण आकारिक, म्हणजे वर्षभर शिकताना होणाऱ्या, मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी आपल्याला लिहाव्याच लागतात. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयापासून त्या चालत आल्या आहेत. सत्र संपताना आठवून आठवून "वाचनात रस घेतो" असं पस्तीसदा लिहिण्यापेक्षा, स्लाइडखालच्या 'नोट्स'च्या जागेत त्याच दिवशी एक ओळ टाका: "अंदाज चुकला हे स्वतः सांगितलं." निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, प्रकल्प या साधनांसाठी पुरावा हाताशी राहतो.

एक सावधगिरी बाळगा. पालकांना फाइल जशीच्या तशी दिलीत तर तुमच्या नोट्सही जातात. त्यांच्यासाठी 'एक्स्पोर्ट'मधून व्हिडिओ करा. त्याआधी प्रत्येक आवाजाच्या 'प्लेबॅक'मध्ये 'स्टार्ट'ला 'ऑटोमॅटिकली' निवडा आणि तयार झालेला व्हिडिओ एकदा पूर्ण ऐका. पीडीएफमध्ये आवाज येत नाही.

पालकसभेत मूल बोलेल

सभेच्या दिवशी लॅपटॉप मुलाकडे द्या आणि आई-वडिलांना त्याच्या शेजारी बसवा. स्लाइड मूल दाखवेल. तुम्ही दोन पावलं मागं राहा. कंपनीतून किंवा मार्केटातून थेट आलेल्या वडिलांना पाचच मिनिटं असतात. तीन स्लाइड दाखवा, त्यातली एक वाचनाच्या आवाजाची असू द्या. एक आजी आमच्याकडे आल्या होत्या, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. प्रगतिपत्रक त्यांनी नेहमी हातात धरून परत दिलेलं. नातवाचे जुलैचे आणि डिसेंबरचे दोन आवाज ऐकले आणि त्या म्हणाल्या, "आता थांबत नाय तो." वाचनाच्या ओघाबद्दल मी जे लिहिलं असतं तेच त्या बोलल्या.

एप्रिलमधलं शेवटचं काम

वर्ष संपताना 'स्लाइड सॉर्टर' उघडून मुलाला त्याच्या सगळ्या स्लाइड एकत्र दाखवा आणि तीनच निवडायला सांगा. बाकीच्या जुन्या फाइलमध्ये राहतील. या तीन पुढच्या वर्गाच्या शिक्षकांकडे जातील. प्रत्येक निवडीमागचं कारण आवाजात घ्या. सुंदर स्लाइडच निवडली जाईल असं मला वाटायचं. मटकी "फुटेल" म्हणणाऱ्या त्या मुलानं पहिली निवडली ती अंदाज चुकलेली स्लाइड. कारण विचारलं तर म्हणाला, "चौथीच्या बाईंना कळेल ना, मला आधी काय वाटायचं."